सहा ते नऊ

कुमुदताईंनी कामावरून काढल्याचा कागद उलटा करून पाहिला, मागे काही लिहिलेलं नाही याची खात्री केली आणि एप्रनच्या खिशातून पेन काढलं.

“वाचून घ्या आधी,” अपूर्व म्हणाला. पनवेल ते उरण पट्ट्यातल्या अकरा औषध-दुकानांचा तो एरिया मॅनेजर. वयाने कुमुदताईंच्या भाच्याएवढा, पण बोलणं असं गुळगुळीत की रागवायला कुठे धरायचं तेच कळू नये.

“वाचलं. निष्काळजीपणा दोनदा आलाय.”

“टेम्प्लेट असतं हो ते. माझं काही पर्सनल नाही.”

पनवेलच्या दुकानाच्या मागच्या खोलीत, खोक्यांच्या थप्प्यांमध्ये तिघं उभी होती. साडेपाच वाजले होते. बाहेर काउंटरवर गिऱ्हाईक नव्हतं, नाहीतर हा कार्यक्रमही पुढे ढकलला गेला असता. मोनाली फ्रिजला टेकून, सिरपचं एक खोकं छातीशी धरून उभी होती. ते तिने दहा मिनिटांपूर्वी रॅकवर ठेवायला उचललं होतं.

मोनाली इथली फार्मासिस्ट. उरणजवळच्या मोऱ्याच्या कोळीवाड्यातली, तिच्या घरात डिग्री घेणारी ती पहिली. काउंटरमागे फ्रेममध्ये लावलेलं रजिस्ट्रेशन तिचं, आणि ते लावलेलं आहे म्हणून दुकान उघडतं. कुमुदताईंकडे डिग्री नव्हती, अठरा वर्षांचा अनुभव होता. कुठल्याही डॉक्टरचं अक्षर त्या बातमी वाचावी तसं वाचायच्या. पगार मात्र मोनालीच्या निम्म्याहून थोडा वर. आणि मोनालीचाही काही लोकांना सांगण्यासारखा नव्हता.

आता झालं काय होतं ते सांगायला हवं, कारण कागदावर ते वेगळंच लिहिलं होतं.

या कंपनीत कुणीही नऊ तासांपेक्षा जास्त काम करत नाही. म्हणजे कॉम्प्युटर करूच देत नाही. मोनाली सकाळी नऊला लॉगिन करायची, संध्याकाळी सहाला लॉगिन आपोआप बंद व्हायचं आणि कॉम्प्युटरचा पडदा तिचे आभार मानायचा. दुकान मात्र नऊपर्यंत उघडं. पूर्वी संध्याकाळी दुसरी फार्मासिस्ट यायची, तिला गेल्या दिवाळीत काढलं. तेव्हापासून कागदावर सहा ते नऊ या वेळात इथे उलव्याच्या शाखेतला फार्मासिस्ट भावेश असतो. त्याला मोनालीने एकदाच पाहिलं होतं, तेही ट्रेनिंगमध्ये जेवणाच्या रांगेत. प्रत्यक्षात मोनालीच थांबायची आणि कुमुदताईंच्या आयडीवर बिलं करायची, कारण ताई बाराला येत आणि त्यांचं लॉगिन नऊपर्यंत चाले. हे तीन तास ना हजेरीत दिसत, ना पगारात. अपूर्वने हे कधी लिहून दिलं नव्हतं. फोनवर म्हणाला होता, “जरा ॲडजस्ट करा.” सगळं ॲडजस्टमेंटवरच चाललं होतं.

मागच्या मंगळवारी रात्री आठच्या सुमाराला असंच चाललं होतं. ताई मागे आलेला माल लावत होत्या, पुढे सात-आठ माणसं रांगेत, मोनालीला पाय आहेत की नाही ते कळत नव्हतं. पनवेल कोळीवाड्यातल्या काळूराम म्हाताऱ्याची रक्त पातळ करायची गोळी दोन मिलिग्रॅमची हवी होती. तिने पाचची दिली. तिसऱ्या दिवसापासून म्हाताऱ्याच्या नाकातून रक्त यायला लागलं, थांबेना, तेव्हा सरकारी दवाखान्यात नेलं. आता धोका टळला होता. बिलावर नाव कुमुदताईंचं होतं.

मोनालीला हे सोमवारी सकाळीच कळलं होतं आणि आज बुधवार. अडीच दिवस ती गप्प होती. रजिस्ट्रेशन गेलं तर घरी काय सांगायचं, याच्यापुढे तिचं डोकं जातच नव्हतं. आईने जपून ठेवलेले दागिने विकून तिला शिकवलं होतं, निदान आई तसं म्हणायची. ताईंनी तिला एका शब्दाने विचारलं नव्हतं, आणि तेच तिला जास्त लागत होतं.

ताईंनी पेनचं टोपण काढलं.

“सर, गोळ्या मी दिल्या,” मोनाली म्हणाली.

अपूर्वने मान वर केली. ताई म्हणाल्या, “मोनाली, राहू दे.”

“राहू काय दे? मी दिल्या. ताई पुढे नव्हत्याच. त्यांच्या आयडीवर मी बसले होते.”

अपूर्व रागावला नाही. त्याने लॅपटॉप उघडला, दोन-तीन बटणं दाबली आणि स्क्रीन तिच्याकडे वळवली.

“मंगळवार. तुमचं लॉगआउट सहा वाजता. तुम्ही दुकानात नव्हता.”

“सर, मी होते.”

“सिस्टीममध्ये नव्हता.”

“कॅमेऱ्यात बघा.”

“फुटेज सात दिवसांचंच राहतं. आज आठवा.” मग आवाज खाली आणून, जवळजवळ मायेने तो म्हणाला, “मोनाली, तुमच्या चांगल्यासाठी सांगतोय. तुम्ही नव्हता हेच बरं आहे. तुम्ही होता असं मी लिहिलं, तर रोज होता असं होतं. मग गेल्या दिवाळीपर्यंत मागे जावं लागेल. ते कोणालाच परवडणार नाही.”

“आणि ताई?”

“त्यांनी आयडी दिला असेल, तरी तेच कलम लागतं. नोकरी तशीही जाते.”

“ऐकलंस?” कुमुदताई म्हणाल्या. “एकीचं गेलं ते पुरे.” त्यांनी खोक्यावर कागद ठेवून सही केली, एप्रन काढला, नीट चार घड्या घालून त्याच खोक्यावर ठेवला. जाताना मोनालीच्या दंडाला हात लावून म्हणाल्या, “फ्रिजचं तापमान लिहायचं राहिलंय. लिही.”

मोनालीला रडू आलं नाही. राग आला, आणि तो सगळ्यात आधी स्वतःचाच आला. तिने तापमान लिहिलं. सहा वाजता पडद्याने तिचे आभार मानले. तिने भिंतीवरची फ्रेम उतरवली आणि पिशवीत घातली.

“हे काय?” अपूर्व काउंटरशी आला. दोन गिऱ्हाइकं उभी होती.

“सहा वाजले. मी गेलेली असते.”

“आणि नऊपर्यंत कोण बघणार?”

“भावेश आहे की.”

तिने काचेचं दार ढकललं. मागून त्याने एकदा हाक मारली, दुसऱ्यांदा नाही, कारण गिऱ्हाइकाने चिठ्ठी पुढे केली होती आणि त्याला ती वाचता येत नव्हती.

दवाखान्यात पुरुषांच्या वॉर्डात काळूराम झोपला होता. नाकात कापूस, हाताला सलाईन. खाटेशेजारी त्याची बायको गुणाबाई खाली पाय पसरून बसली होती. पनवेलच्या बाजारात मासळी विकणारी बाई, पण आज तिचे हात नुसते मांडीवर पडले होते. वॉर्डातली नर्स गोळ्या द्यायला आली तशी गुणाबाई उठून लांब जाऊन उभी राहिली आणि नर्स गेल्यावरच परत आली.

“मावशी, ओळखलंत का?”

गुणाबाईने तिच्या चष्म्याकडे, मग तिच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं.

“तू दवाच्या दुकानातली.”

“हो. त्या दिवशी गोळ्या घ्यायला तुम्हीच आला होता ना?”

“मीच आलेली. तुमच्या सायबानं इचारलं, कोनी दिल्या. मी बोलली, चष्म्यावाली पोरगी व्हती. तो बोलला, ती नव्हतीच, ती सांजच्यालाच घरी जाते, तुमी नीट आठवा.” ती थांबली. “चाळीस वर्सं बाजारात बसते मी, पोरी. मानसाचं तोंड इसरत नाय. पन मंग वाटलं, येवढंपन ध्यानात राहत नाय, तर गोळ्या तरी नीट दिल्या का? दोनदा दिल्या असतील मीच. माज्याच हातानं ह्याचं रगत काढलं. आता मी हातच लावत नाय त्या गोळ्यांच्या पिशवीला.”

मोनाली खाली बसली, त्याच फरशीवर.

“मावशी, तुमी नाय चुकल्या,” ती म्हणाली, घरी बोलते तशी. “मीच व्हती तिथं. चुकीच्या गोळ्या मी दिल्या.”

आता बाई ओरडेल, केस धरेल, सगळा वॉर्ड गोळा करेल, असं मोनालीला वाटलं. त्याची तिने तयारी केली होती. पण गुणाबाईने तिच्याकडे पाहिलंही नाही. ती गुडघ्यावर हात टेकून उठली, खाटेवर वाकली आणि नवऱ्याचा खांदा हलवायला लागली.

“अवो, उठा. उठा ना. ही पोरगी काय सांगते आयका. माज्याकडनं नाय झालं. आयकलंत? माज्याकडनं नाय झालं.”

काळूरामने डोळे उघडले. त्याला काही कळलं नव्हतं, म्हणून मोनाली पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली.