पायगुण नव्हे, प्रशिक्षण

परळच्या त्या चाळीत अनुजाशी कुणी भांडलं नव्हतं. फक्त तिला बोलावणं बंद झालं होतं.

अनुजा रुग्णवाहिकेवर पॅरामेडिक. गेल्या वर्षी चाळीतल्याच सीमाचं बाळ तिच्या गाडीत जन्मलं आणि रडलंच नाही. तेव्हापासून डोहाळजेवण असो की बारसं, बायका तिच्या दारावरून पुढे जात. "तिचा पायगुण बरा नाही," असं शेजारच्या रखमाकाकी म्हणाल्याचं तिच्या कानावर आलं होतं. वाईट हे, की हळूहळू तिला स्वतःलाही ते पटू लागलं. ड्युटीवरून येऊन ती दार लोटून घेई, एकटीपुरता भात टाकी आणि माणसाचा आवाज हवा म्हणून रेडिओ लावून ठेवी.

मग ऑफिसनं तिला नवजात बाळांना आणि मुलांना श्वास देण्याच्या प्रशिक्षणाला पाठवलं. टेबलावर रबरी बाहुलं होतं. तिचा हातच पुढे होईना. शिकवणारे वयस्क डॉक्टर पाठारे शेजारी येऊन बसले, तसं तिनं सगळं सांगून टाकलं.

"तेव्हा काय केलंस?"

"बाळाला गुंडाळलं, गाडी पळवायला सांगितली. श्वास कसा द्यायचा, ते कुणी शिकवलंच नव्हतं."

"ते बाळ वाचलंच असतं असं मी म्हणणार नाही," डॉक्टर म्हणाले. "पण तुला गणवेश दिला आणि शिकवलं नाही, ही चूक आम्हा सगळ्यांची. त्यात पायगुण कुठून आला? धर ते बाहुलं!"

ती शिकली. बोटं दुखेपर्यंत सराव केला.

एका दुपारी कॉल आला. पत्ता तिच्याच चाळीचा! रखमाकाकींची सून प्रीती बाळंतपणात अडली होती.

"दुसरी कोण नाय काय गो?" काकी दारातच आडव्या आल्या.

"नाही काकी. मीच आहे. बाजूला व्हा."

बाळ तिथेच जन्मलं. निळसर, लुळं, गप्प.

"उलटा धर, चापट मार!" काकी ओरडल्या.

"अजिबात नाही!"

अनुजानं बाळ कोरडं केलं, पाठ चोळली. श्वास नाही. तिनं मान सरळ केली, इवलासा मास्क नाकातोंडावर बसवला आणि त्याला जोडलेली हवेची पिशवी हलके दाबली. छाती वर आली. पुन्हा. पुन्हा.

आणि बाळ रडलं!

बारशाच्या आदल्या दिवशी काकी अनुजाच्या दारात उभ्या राहिल्या. "माका माफ कर गो. मी तुका नाय नाय ता बोललंय. आत्या होऊन तूच बाळाच्या कानात नाव सांग."

अनुजाचे डोळे भरून आले. "येईन. पण काकी, आधी सीमाला बोलवायला जाऊ. बाळ गेलं तिचं, आणि आपण बारशाला तिलाच टाळतो. मीही कधी गेले नाही तिच्याकडे."

काकींची मान खाली गेली. मग त्यांनी पदर सावरला आणि त्याच पुढे चालू लागल्या.

वाचकहो, बाळाचा जीव कुणाच्या पायगुणानं जात नाही, पण न शिकवल्यानं जाऊ शकतो. म्हणून रुग्णवाहिकेतल्या प्रत्येकाला हे शिकवलंच पाहिजे. आणि ज्या घरातलं बाळ गेलं, त्या घराचं दार आपण आधी वाजवलं पाहिजे.