टेबलाखालचं बटण

लेकाला, अक्षतला लस द्यायची होती म्हणून विद्युल्लता देवासच्या दवाखान्यात आली खरी, पण जीव अडकला होता तो कॉम्प्युटरच्या टेबलाशी. मुलांच्या लसींची नोंद ठेवायची कॉम्प्युटरवरची खिडकी, म्हणजे सगळा प्रोग्रामच, तिनेच जावात बनवला होता. जावासोबत येणाऱ्या स्विंग या टूलकिटमधले तयार रकाने आणि बटणं घेऊन, अक्षत झोपला की थोडंथोडं. धारला तिच्या बाबांनी ही गोष्ट गल्लीभर सांगितली होती.

आणि महिन्याभरात, नोंदणीला बसणाऱ्या यमुनाबाईंनी केलेली एकही नोंद टिकली नव्हती. डॉक्टरांचा फोन आला तेव्हा ती पटकन बोलून गेली होती, "सर, प्रोग्राम ठीक आहे. यमुनाबाईंना माउस धरता येत नाही."

आज दारातच कंपाउंडरने सांगितलं, एक तारखेपासून यमुनाबाई घरी, नवी मुलगी येतेय.

"ये बेटा," यमुनाबाई म्हणाल्या. चष्मा सावरून त्यांनी एका बोटाने अक्षतचं नाव टाइप केलं.

"आता सेव्हचं बटण दाबा."

"तेच तर मी फोनवर विचारत होते तुला. आहे कुठे?"

"तारखेच्या खाली."

"तारखेच्या खाली तर टेबल आहे, बेटा."

विद्युल्लता वाकली. खिडकी तारखेशीच संपत होती. बटण पडद्याच्या बाहेर राहिलं होतं. घरी नवऱ्याने आणलेला मोठा मॉनिटर, इथे जुना चौदा इंची. मांडणी टूलकिटवर सोपवा, पडद्याप्रमाणे तोच बसवून घेतो, असं क्लासमध्ये सरांनी बजावलं होतं. तिने कंटाळून प्रत्येक बटण आकडे देऊन एकेका जागी ठोकलं होतं. वर खिडकी कुणी लहानमोठी करू नये म्हणून तेही बंद केलेलं.

तिचे कान तापले. कुणाला कळलं नव्हतं. उद्या बटण वर सरकवून फ्लॉपी आणायची आणि म्हणायचं, बाईंसाठी सोपं करून दिलंय. वाक्यसुद्धा तयार झालं.

तेवढ्यात यमुनाबाईंनी खणातून वही काढली आणि अक्षतचं नाव तिच्यातही लिहिलं. महिन्याभरातली सगळी मुलं तिथे ओळीने होती. "मशीन खाऊन टाकतंय ना, म्हणून. कुणाच्या पोराची लस राहायला नको."

लस टोचल्यावर रडणाऱ्या अक्षतला घेऊन ती सरळ डॉक्टरांच्या खोलीत गेली. बाकावर पेशंट बसले होते.

"सर, चूक माझी आहे. बटण या मॉनिटरवर दिसतच नाही. बाईंचं नाव मी उगाच घेतलं. त्यांना काढू नका."

"इथे येऊन एकदा बघितलं नव्हतं तुम्ही?"

"नाही."

नव्या मुलीला येऊ नको म्हणून कळवायला डॉक्टरांनी फोन उचलला. पेशंट सगळे तिच्याकडेच बघत होते.

बाहेर आली तर यमुनाबाईंनी अक्षतला आपल्याकडे घेतलं. दार उघडंच होतं. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"माउस धरता येतो हो मला," त्या हळूच म्हणाल्या.

यमुनाबाईंनी पायाने खुर्ची पुढे सरकवली. "आता काय करशील ते इथे बसून कर. पोराला मी धरते. आणि झालं की आधी मी दाबून बघणार."