अरिबाचं दूध

मानसिंग रेणुसे वेल्ह्याकडचा. नर्सिंगचा कोर्स करून तो भोरला, नदीकाठच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात लागला होता. २००३ साली दवाखान्यानं त्याला पुण्याला पाठवलं. अत्यवस्थ लहान मुलांची शुश्रूषा शिकवणारा एक वर्षाचा प्रमाणपत्राचा अभ्यासक्रम होता. वर्गात बाकी सगळ्या बायका. त्याला सगळ्या ब्रदर म्हणत, आणि जड सिलिंडर हलवायचा असला की हमखास हाक मारत.

काम त्याला चांगलं जमत होतं. तान्ह्या बाळाच्या हाताची शीर त्याला पहिल्या प्रयत्नात सापडायची. छाती कशी आत ओढली जाते ते बघून बाळ किती थकलंय हे तो सांगायचा. अडायचं ते मुलांच्या आयांपाशी. तो खाटेजवळ आला की बायका पदर ओढून घ्यायच्या, पाजत असल्या तर बाळाला सोडवायच्या. म्हणून तोही भराभर काम उरकून बाजूला व्हायचा.

शिकवणाऱ्या नूतन गोळे मॅडमनी हे हेरलं होतं. "रेणुसे, बाळाची शुश्रूषा म्हणजे निम्मी आईची शुश्रूषा," त्या एकदा म्हणाल्या. "ती निम्मी तुम्ही सोडून देता."

शेवटचे तीन महिने आपापल्या दवाखान्यात काम करायचं होतं. मॅडम दर आठवड्याला एसटीनं भोरला यायच्या, त्यानं सांभाळलेली मुलं बघायच्या, प्रश्न विचारायच्या.

त्या थंडीत कापूरहोळहून जलाल आपल्या दोन महिन्यांच्या मुलीला घेऊन आला. जलालचा टेम्पो होता, कापूरहोळ ते पुणे भाजीची वाहतूक करायचा. मुलीचं नाव अरिबा. तिला न्यूमोनिया झाला होता. डॉक्टरांनी तपासलं, ऑक्सिजन लावला, सलाईनमधून औषध सुरू केलं. संध्याकाळपर्यंत उतार पडला नाही तर पुण्याला हलवू म्हणाले. संध्याकाळी श्वास थोडा संथ झाला, म्हणून ती भोरलाच राहिली आणि मानसिंगकडे सोपवली गेली.

बाळाला ओढून प्यायची ताकद नव्हती. नाकातून पोटात बारीक नळी घातली होती. आईनं दूध काढून द्यायचं आणि ते नळीतून थोडं थोडं सोडायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं. बाळंतिणींच्या खोलीतली सिस्टर येऊन अरिबाच्या आईला, कुलसुमला, दूध कसं काढायचं ते घाईघाईनं दाखवून गेली. वाटी कोरडीच राहिली. मग पावडरचं दूध सुरू झालं. ते अरिबाला सोसेना. पोट फुगायचं, दोनदा उलटी झाली.

मानसिंग वाटी मागायला गेला की कुलसुम भिंतीकडे तोंड करायची. दुसऱ्या दिवशी तिलाच कणकण आली. छाती दगडासारखी झालीय, हात लावू देत नाही, असं तिच्या सासूनं, हमीदाबीनं, सांगितलं. मानसिंगला वाटलं, आपण पुरुष आहोत म्हणून हे होतंय.

त्या दिवशी मॅडमची फेरी होती. त्यानं मॅडमना विचारलं, "तुम्हीच सांगता का तिला?"

"मी आज आहे. उद्या कोण सांगणार?" मॅडम म्हणाल्या. "तिची लाज राखून कसं शिकवायचं ते बघा. मी इथंच बसते."

हमीदाबी व्हरांड्यात बसली होती. मानसिंग तिच्यासमोर उकिडवा बसला. कुठून सुरुवात करावी ते त्याला सुचेना. घरी म्हशी होत्या, तेवढंच सुचलं.

"चाची, तुमी कधी म्हशी पाळल्यात का?"

"पाळल्यात की. दोन व्हत्या. का?"

"म्हशीनं पान्हा चोरला तर तुमी काय करता?"

हमीदाबी त्याच्याकडे बघतच राहिली. "माझ्या सुनंला म्हैस म्हनतोस व्हय रं?"

"न्हाई न्हाई, चाची. चुकलं माझं." तो कानापर्यंत लाल झाला. "मला एवढंच म्हनायचं होतं, भीती बसली की दूध उतरत न्हाई. ते जोर लावून निघायचं न्हाई. भाभींच्या जवळ तुमी बसा. मी पडद्याच्या बाहेर राहून सांगतो, तुमी आत करा."

"बाहेरनंच सांगशील?"

"पाठ करून उभा राहतो."

खोलीत कापडाचा हिरवा पडदा होता, चाकं लावलेला. मानसिंगनं तो कुलसुमच्या खाटेभोवती ओढला. अरिबाची खाट आईच्या हाताला लागेल इतकी जवळ सरकवली, नळ्या नीट केल्या, गरम पाण्याचं भांडं आणि धुतलेली फडकी आत दिली. मग तो पाठ फिरवून उभा राहिला. मॅडम दाराशी स्टुलावर बसल्या होत्या.

"आधी गरम फडकं ठेवायचं. पोळंल असं न्हाई. आणि एक हात बाळाच्या पायावर राहू द्या."

"अगं, गरम फडकं ठेव म्हनतोय," हमीदाबी आतून म्हणाली.

"ऐकू आलं मला," कुलसुम पुटपुटली.

"आता बोटांनी वरनं खाली हलकं चोळायचं. मग अंगठा वर, बोटं खाली, आणि आधी छातीकडं मागं दाबायचं. पुढं ओढायचं न्हाई."

"मागं दाब म्हनतोय."

"आत्या, मला ऐकू येतंय!"

पडद्यापलीकडून हुंदका ऐकू आला.

"भाभी, लई दुखतंय का?" मानसिंगनं विचारलं. या दोन दिवसांत त्यानं तिला थेट विचारलेला हा पहिलाच प्रश्न होता.

"दुखतंय त्याचं काय न्हाई," कुलसुम म्हणाली. "भाऊ, माझं दूधच बाधलंय तिला. त्यानंच ती आजारी पडली. तेच काढून तिला पुन्यांदा देऊ का?"

मानसिंग वळणार होता, पण थांबला. "तुमाला असं कुनी सांगितलं?"

मॅडमनी मान वर करून पडद्याकडे बघितलं.

"म्या म्हनले व्हते," हमीदाबीचा आवाज आला. "हिनं थंडीत धुनं धुतलं, गार पान्यात हात घातलं. पोरगी खोकाय लागली. म्या म्हनले, तुझं दूध बाधलं. आमच्यात म्हनत्यात तसं."

म्हातारीला दुखवायचं नव्हतं, आणि सुनेला तर आत्ताच सांगायला हवं होतं.

"चाची, न्यूमोनिया छातीत होतो," तो सावकाश म्हणाला. "खोकल्या-शिंकण्यातनं जंतू जातात. घरात आधी कुनाला खोकला होता का?"

"यांना व्हता," कुलसुम म्हणाली. यांना म्हणजे जलालला. "आठ दिवस."

"मग तिथनं आला आसंल. दुधातनं न्हाई. भाभी, तुमच्या दुधानं ती आजारी पडली न्हाई. उलट पावडरचं तिला सोसंना, हे तुमी बघितलंय. तुमचं तिच्या पोटात राहील, आणि आजाराशी लढायची ताकद पन त्यातनंच मिळंल."

पडदा हलला. हमीदाबीनं भांड्यात फडकं बुडवून पिळल्याचा आवाज आला. "आन हिकडं," ती म्हणाली. आवाज नेहमीपेक्षा खाली होता. "म्या धरते फडकं. तू मागं दाब, त्यो सांगतोय तसं."

वाटीत आधी तळ भिजेल एवढंच आलं. मग दोन चमचे. हमीदाबीनं पडद्याच्या फटीतून वाटी बाहेर केली. मानसिंगनं ते दूध नळीतून थेंबाथेंबानं सोडलं आणि अरिबाच्या पोटावर हात ठेवून बघत बसला. पोट मऊ राहिलं. दुपारी पुन्हा दूध काढलं, तेव्हा वाटी अर्धी भरली.

निघताना मॅडम त्याला म्हणाल्या, "ती लाजते असं तुम्ही धरून चाललात."

"हो."

"आणि विचारलं नाहीत."

"नाही विचारलं."

मॅडमना एसटी गाठायची होती, त्या गेल्या.

चार दिवसांनी ऑक्सिजन काढला, मग नळी काढली. अरिबा पहिल्यांदा अंगावर प्यायली तेव्हा मानसिंग बाहेर औषधं लावत होता. हमीदाबी दारात येऊन म्हणाली, "पितीय रं." त्यानं मान हलवली आणि औषधं लावत राहिला. मग थोड्या वेळानं मोरीत जाऊन त्यानं तोंड धुतलं.

जलाल टेम्पो घेऊन न्यायला आला. कुलसुमनं जाताना मानसिंगला विचारलं, "भाऊ, माझी बहीण हाय किकवीला, समीना. तिला तिच्या सासरी असंच म्हनत्यात, दूध बाधतंय म्हनून. ती पावडरच पाजतीय. तिला हितं पाठवू का?"

"पाठवा की."

"ती कशाला येतीय एवढ्या लांब," हमीदाबी टेम्पोत चढता चढता म्हणाली. "म्या जाते किकवीला. तिच्या सासूला म्या वळखते."

मानसिंग अभ्यासक्रम पास झाला. नंबर मधलाच आला. आयांना शिकवण्याच्या विषयात त्याला बेताचे गुण होते, आणि ते त्याला पटले. त्यानंतर भोरला आधी सहा महिने त्याला पुरुषांच्या वॉर्डातच काम मिळालं, कारण तिथं माणसं कमी होती. पुढं डॉक्टरांनी मुलांच्या चार खाटा वेगळ्या केल्या आणि त्या त्याच्याकडे दिल्या. बायका अजूनही तो आला की पदर ओढून घेत. तो दाराबाहेर थांबायचा, त्यांचं आवरलं की आत जायचा, आणि बाळाला हात लावायच्या आधी आईशेजारी स्टूल ओढून बसायचा.