कारणाचा रकाना

“कुणी विचारलंच तर म्हणायचं, फिरायला आलेय. अजून फिरायचंय. बास. पुढे एक अक्षर बोलायचं नाही.” मुलीचं हे चौथ्यांदा सांगून झालं.

“आणि काय काय पाहिलं विचारलं तर?”

“किल्ला म्हण.”

“किल्ला कधी पाहिला मी?”

“बसमधून दाखवला नव्हता का? बाळाला दवाखान्यात नेताना?”

“तो किल्ला होता होय? मला वाटलं पाण्याची टाकी.”

मुलीला हसू आलं, पण ते तिनं गिळलं. हातातल्या चिठ्ठीवर दोनशे अठराचा आकडा होता आणि भिंतीवरचा फलक एकशे त्र्याहत्तरवर अडून बसला होता. एकमेकींना जोडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर माणसं फायली मांडीवर घेऊन बसली होती, फायली नसलेली मुलं खुर्च्यांखालून रांगत होती. बाळ मुलीच्या छातीशी बांधलेल्या झोळीत झोपलं होतं.

मुलीकडे परदेशी आलेल्या बाईंचा पर्यटक व्हिसा परवा संपत होता. मुलीची रजा सोमवारी संपत होती. जावई दिवसभर कामावर, आणि पाळणाघर म्हणत होतं, सहा महिने पूर्ण झाल्याशिवाय मूल घेणार नाही. बाळाला आज तिसरा महिना पुरा झाला होता. मधले तीन महिने कुणी भरून काढायचे? आजीनं. म्हणून हा मुदतवाढीचा अर्ज.

“पण नातवासाठी थांबतेय असं सरळ सांगितलं तर काय बिघडलं?”

“आई, ते काम धरतात इथे. फिरायला आलेल्या माणसाला काम चालत नाही.”

“नातवाला मांडीवर घेणं म्हणजे काम?”

“इथे काम.”

“मग तुझ्या वेळी मी किती फुकट राबले गं!”

बाईंचं लक्ष मात्र खिडक्यांकडे होतं. जन्म-मृत्यूच्या नोंदणी कार्यालयात एकतीस वर्षं त्या तीन नंबरच्या खिडकीत बसल्या होत्या. गावातल्या कित्येकांना त्यांचं नावही ठाऊक नव्हतं. तीन नंबरच्या बाई, एवढंच. कुणाचं बाळ जन्मलं की तिथेच, कुणाचा म्हातारा गेला की तिथेच. त्यामुळे ही परकी कचेरी बाईंना अजिबात परकी वाटत नव्हती. भाषेचे चार शब्द येत होते, पण खिडकीपलीकडच्या माणसाचा मूड ओळखायला भाषा कशाला लागते?

“चार नंबरचा नको,” त्या पुटपुटल्या. “तो कागद बघतच नाही, माणसाचे कपडे बघतो. सहा नंबरची ती चष्मेवाली बरी. प्रत्येक पान उलटून मागची बाजूही बघतेय.”

“आपल्याला निवडता येत नाही गं.”

“ते मला सांगतेस?”

बाळ जागं झालं, रडलं, प्यायलं, पुन्हा झोपलं. बाईंना उगाच दुपारी शाळा सुटल्यावर कार्यालयात येणारी दुसरी एक चिमुरडी आठवत राहिली. घरी कुणी नसायचं, म्हणून ती दप्तरासकट बाईंच्या टेबलाखाली बसायची. रांगेतल्या लोकांना दिसायची नाही. बाईंच्या पायाला पाठ टेकून गृहपाठ करायची, कंटाळली की रांगेतल्या माणसांच्या चपला मोजायची. “आई, आज सत्तावीस,” असं खालून कुजबुजायची. बाई वरून कुणाच्या तरी बापाच्या मृत्यूचं कारण लिहीत असायच्या.

एकदा तिनं शिक्क्याची शाई तळहाताला फासली आणि उघड्या रजिस्टरवर पंजा उमटवला. नेमके साहेब तपासणीला यायचे होते. बाईंनी तिच्या पाठीत धपाटा घातला, नळाखाली नेऊन साबणानं हात खसाखसा धुतला आणि परत येऊन पानाच्या कडेला लाल शाईनं शेरा लिहिला: ‘डाग. नोंद वाचता येते.’ खाली सही. ते रजिस्टर अजून तिथल्या कपाटात असणार.

दोनशे अठरा लागला तो सहा नंबरलाच. बाईंनी मुलीकडे असं पाहिलं, की जणू त्यांनीच वशिला लावला होता.

चष्मेवालीनं अर्ज घेतला, पानं उलटली, मागची बाजू बघितली आणि फोटोपाशी थांबली. मुलीशी काहीतरी बोलली.

“आई, फोटोवर सही केलीस तू?”

“मग? अर्धी फोटोवर, अर्धी कागदावर. आडवी. तशीच करायची असते.”

“इथे फोटो कोरा लागतो! यंत्रात घालतात तो. दुसरा दे.”

बाईंनी पाकिटातून उरलेले दोन फोटो काढले. दोन्हींच्या छातीवरून निळी सही गेली होती, कागदावर पुरी करायची बाकी ठेवून.

“तिन्हीवर?”

“एकावर करायची आणि दोन तसेच सोडायचे, असं कसं? घाई नको म्हणून आधीच करून ठेवल्या.”

मुलीनं कपाळाला हात लावला. चष्मेवाली मात्र ते फोटो बोटात धरून बघत राहिली. “ही सही कशासाठी?” तिनं विचारलं. मुलीनं भाषांतर केलं.

“फोटो उपटून तिथे कुणी दुसऱ्याचा चिकटवू नये म्हणून. सांग तिला. एकतीस वर्षं लोकांकडून करून घेतल्यात मी. मी खिडकीच्या आत बसायचे.”

हे ऐकून चष्मेवालीनं चष्मा उतरवला, तो साखळीला लोंबकळू दिला आणि पहिल्यांदाच बाईंकडे नीट पाहिलं. मग कोपऱ्यातल्या फोटोच्या यंत्राकडे बोट करून म्हणाली, फोटो काढून आणा, नवी चिठ्ठी घेऊ नका, थेट माझ्याकडे या. खिडकी मी बंद करत नाही तोवर.

यंत्रातलं स्टूल गोल फिरून खालीवर होत होतं. पहिल्या खेपेला नुसतं कपाळ आलं. दुसऱ्या खेपेला बाई आल्या, पण “हसू नका” अशी सूचना ऐकून मुलगीच बाहेर खुदकन हसली आणि आतून बाईही हसल्या. तिसरा जमला.

परत आल्यावर चष्मेवालीनं फोटो चिकटवला, शिक्का उचलला, आणि मग सहज विचारावं तसं विचारलं. हा प्रश्न बाईंना भाषांतराशिवाय कळला. तीन महिन्यांत काय काय पाहिलंत?

मुलीचा हात टेबलाखालून बाईंच्या हातावर आला. किल्ला, असं त्या दाबातून स्पष्ट ऐकू येत होतं.

बाईंनी तोंड उघडलं. एकतीस वर्षं माणसं खिडकीबाहेरून त्यांना वाट्टेल ते सांगायची. वयं चोरायची, तारखा मागेपुढे करायची, आणि बाईंना पहिल्या वाक्यालाच कळायचं. या बाईलाही कळणार.

“मुलीला पाहिलं,” त्या म्हणाल्या. “ती लहान असताना मी खिडकीत असायचे, ती टेबलाखाली. मला तिच्या केसांचा भांग तेवढा दिसायचा. आता सकाळी ती दात घासते, बाळाला पाजते, नवऱ्याशी भांडते, सगळं बघते. ते बघायला आलेय. अजून पुरतं झालं नाही बघून.”

मुलीनं झोळीचा पट्टा सारखा केला.

“सांग ना तिला.”

मुलीनं सांगितलं. वाक्यं अडखळत सांगितली, शेवटचं तर दोनदा सुरू केलं.

चष्मेवालीनं शिक्का खाली ठेवला. अर्ज पुढे ओढला, ‘कारण’ लिहिलेल्या रकान्यातलं ‘पर्यटन’ एका सरळ रेघेनं खोडलं, वर ‘कुटुंबाची भेट’ लिहिलं आणि बाजूला आपली छोटी सही केली. मग मुलीला काही समजावलं. मुलीचा चेहरा उतरला.

“काय म्हणते?”

“भेटीचा रकाना वेगळा, म्हणे. त्यात सहा आठवडेच मिळतात. तीन महिने फक्त पर्यटनाला.”

बाईंनी खोडलेल्या रेघेकडे पाहिलं. नीट मारली होती, खालचं अक्षर वाचता येईल अशी. “बरोबर आहे तिचं,” त्या म्हणाल्या. “नोंद चुकीच्या रकान्यात ठेवू नये.”

शिक्का उमटला. चष्मेवालीनं पारपत्र खिडकीतून सरकवताना मान किंचित झुकवली, एक कचेरीवाली दुसरीला झुकवते तशी.

बाहेरच्या पायऱ्यांवर येईपर्यंत मुलगी भराभर पुढे चालत राहिली. मग एकदम फुटली. “सहा आठवडे! पुढचे सहा कुठून आणू मी? एक किल्ला म्हणायचं होतं, आई. एक शब्द! तुझं जन्मभर हेच. आधी रजिस्टर, मग आम्ही.”

बाई पायरीवर बसल्या. हे खरं होतं.

“बस ना जरा,” एवढंच म्हणाल्या.

मुलगी बसली. रागानं बसली, पण टेकून बसली. पाठ बाईंच्या खांद्याला लागली, जुन्या सवयीनं. बाईंनी पारपत्र उघडून मांडीवर धरलं होतं, ओल्या शिक्क्याचा समोरच्या पानाला डाग लागू नये म्हणून. शिक्का बघायला मुलगी वळून वाकली, तसा झोळीतून एक हात बाहेर आला. कुणाला काही कळायच्या आत बाळानं पंजा थेट शिक्क्यावर ठेवला.

“अरे, अरे!” मुलीनं हात उचलला. तळहात जांभळा झाला होता. पानावर शिक्क्याची एक कड पुसली होती. तिनं घाबरून पारपत्र उजेडात धरलं. “तारीख दिसतेय ना?”

“डाग,” बाई म्हणाल्या. “नोंद वाचता येते.”

मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली. “याच्यासाठी मला मारलं होतंस.”

“आठवतंय तुला?”

“मार नाही आठवत. साबणाचा वास आठवतो. आणि तू नंतर माझा हात सोडलाच नव्हतास. घरी जाईपर्यंत.”

बाईंना हे आठवत नव्हतं. त्यांनी मनातल्या मनात ते पान पुन्हा उघडून पाहिलं. तिथे तेवढा लाल शेरा होता.

मुलीनं पिशवीतून ओला रुमाल काढला.

“राहू दे,” बाई म्हणाल्या. “घरी गेल्यावर बघू.”

समोरच्या थांब्यावर त्यांची बस येऊन उभी राहिली आणि निघूनही गेली. दोघी उठल्या नाहीत. बाईंनी ती इवलीशी मूठ एकेक बोट सोडवत उघडली, आणि शाई वाळावी म्हणून तिच्यावर हलकेच फुंकर घातली.