सतरा नंबरचा बिल्ला

बेटावर तंबू ठोकायला येणारा प्रत्येक जण आधी तिच्या खिडकीशी यायचा. वहीत सही करायची, पितळेचा बिल्ला घ्यायचा. कड्याच्या वाटेने वर चढायचं असेल तर तो बिल्ला कचेरीतल्या फळीवर आपल्या हाताने अडकवायचा आणि उतरल्यावर आपल्याच हाताने काढायचा. फळीवर एक जरी बिल्ला लटकत असला, तरी पाचची शेवटची लाँच हलायची नाही. बेटावर याहून मोठा कायदा नव्हता.

सगळे तिला वहिनी म्हणत, कारण तिचा नवरा इथला वाटाड्या, सगळ्यांचा दादा होता. चार वर्षांपूर्वी तो कड्यावरच्या पुलाचे सैल झालेले दोर बांधायला गेला आणि घळीत पडला. त्याचा बिल्ला फळीवर होता. पण त्या वेळच्या तळप्रमुखाला पलीकडे स्वतःच्या बढतीच्या सत्काराला पोचायचं होतं. साहेबाने बिल्ला खुशाल काढून खिशात घातला आणि लाँच सोडायला लावली. दादा सापडला दुसऱ्या दिवशी दुपारी. अंग अजून कोमट होतं म्हणे. चौकशीच्या कागदावर साहेबाने लिहिलं, 'कर्मचाऱ्याने बिल्ला लावलाच नव्हता. निष्काळजीपणा.' खाली लांब शेपटीची सही.

ती तेव्हा पलीकडच्या गावात, सातव्या महिन्यात. खरं काय ते तिला लाँचवाल्या काकांनी वर्षभराने सांगितलं, रडत. चौकशीत मात्र त्यांच्या तोंडून अवाक्षर निघालं नव्हतं. मग तिने हट्टाने हीच नोकरी मागून घेतली. उद्या लेक शाळेत जाईल, बापाबद्दल विचारेल, आणि कुठल्या तरी कपाटात तो एक शब्द तिची वाट बघत असेल. तो शब्द तिला पुसायचा होता, आणि ज्याने लिहिला त्याच्याच हाताने.

काल तीच शेपूट तिच्या वहीत उमटली.

"काय मॅडम, नवीन का?" साहेब आता निवृत्त झाले होते, तरण्या मुलाबरोबर मौजेला आले होते. "अकरा वर्षं राज्य केलंय मी इथे! ही फळी आहे का अजून? ही शिस्त माझी बरं का."

"हो का?" ती म्हणाली.

आज सकाळी मुलगा सतरा नंबर अडकवून एकटाच वर गेला. साहेबांचे गुडघे बोलत होते, म्हणून ते तंबूपुढे खुर्ची टाकून बसले. चारला वॉकी-टॉकी खरखरला. वरच्या झोपडीतला पहारेकरी म्हणत होता, "वहिनी, सतरावाल्यांच्या बुटाचा तळ सुटला. पाय धड आहेत, काळजी नको. चहा पाजतोय. मागच्या सोप्या वाटेने आणतो, सहा वाजतील."

"बरं," ती म्हणाली आणि यंत्र बंद केलं. उठली, फळीवरून सतरा नंबर काढला, कुर्त्याच्या खिशात टाकला.

पाचला दहा कमी असताना साहेब आले. "पोरगा उतरला नाही अजून."

"फळी बघा."

त्यांनी बघितली. पुन्हा बघितली. "अहो, त्याने माझ्यादेखत लावला होता!"

"फळी रिकामी आहे. म्हणजे लावलाच नसेल. निष्काळजीपणा." तिने खिडकीतून धक्क्याकडे हाक मारली, "काका, इंजिन चालू करा!"

"वहिनी, अहो..."

"चालू करा म्हणते ना!"

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. "मॅडम, वर घळ आहे! तासाभरात अंधार पडेल."

"घळ मला पाठ आहे. पुलाखाली, डाव्या हाताला, तीस फूट. माझा नवरा होता तिच्यात."

ते खिडकीची चौकट धरून उभे राहिले. हा चेहरा तिने चार वर्षं मनात रंगवला होता. समोर आला तो त्याहून म्हातारा निघाला. पण म्हणून सोडायचं?

तिने वही उघडून पुढे सरकवली. "त्या दिवशी फळीवर बिल्ला होता की नव्हता, ते लिहा. मग शोधाला माणसं पाठवते."

"हा जुलूम आहे!"

"आहे."

"एकुलता एक आहे हो तो."

"माझ्याकडे तरी कुठे दोन होते?"

आतल्या खोलीतून लेक डोळे चोळत आली. "आई, हे आजोबा का रडतात?"

"त्यांना काहीतरी आठवतंय, राणी. आणि तू बूट उलटे घातलेस की गं!" ती खाली बसली. डावा काढला, उजवा काढला. मोज्यातली वाळू झटकली, चिमुकली बोटं एकेक करून पुसली. सावकाश. बंदाला गाठ मारली, वर आणखी एक. साहेब उभेच होते. इंजिन धडधडत होतं.

दुसऱ्या गाठीला साहेबांनी पेन उचललं.

"मोठ्याने वाचा," ती म्हणाली. लाँचमधली सात-आठ माणसं धक्क्यावर उतरून ऐकत होती.

"बिल्ला होता," साहेब वाचू लागले, "मी तो काढला..." काका इंजिन बंद करून वर आले, न सांगता पेन घेतलं आणि खाली लिहिलं, 'मी पाहिलं होतं. गप्प बसलो.'

तिने वही मिटली. "तुमचा मुलगा वरच्या झोपडीत चहा पितोय. बूट फाटलाय, बाकी ठणठणीत आहे. सहाला येईल."

साहेबांना कळायलाच वेळ लागला. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"चारपासून."

"आणि माझा जीव टांगून ठेवलात!"

"वीस मिनिटं. त्याने घळीत वीस तास काढले."

"तक्रार करीन! नोकरी घालवीन तुमची!"

"करा की. त्याच पानाच्या मागे जागा आहे."

तिने खिशातून सतरा नंबर काढून फळीवर अडकवला. आता लाँच सहापर्यंत थांबणार. वही काकांच्या हातात दिली, आजच मुख्य कचेरीत पोचवायची म्हणून बजावलं. साहेब बाकावर कोसळले होते, नजर मागच्या वाटेवर. त्यांना पाणी द्यावं असं एकदा मनात आलं. तिने दिलं नाही. आत काही निवलंही नव्हतं. उलट आणखी काहीतरी मागून घ्यायला हवं होतं असं वाटत होतं, काय ते सुचत नव्हतं.

तिने लेकीला कडेवर घेतलं. लेकीच्या मानेला झोपेचा घामट, गोड वास होता.

"बाबांनी बिल्ला लावला होता," ती तिच्या कानात म्हणाली.

"मग?"

"मग काही नाही. लावला होता."