यंदाची वांगी

मुखरू कुंपणापासून चार हात दूर थांबला आणि मिरचीची आकसलेली डहाळी त्याने उंच धरून दाखवली.

“लटारूभाऊ, पाय बरं. अर्धी बाडी अशी झाली.”

लटारूने वाफ्यातूनच पाहिलं.

“कोकडा हाये. पार आकसले ते झाडं उपटून दूर जाळून टाक. बाकीच्यावर तंबाखूचं पाणी मार. रातभर भिजू घाल, गाळून घे. पानाच्या खालून मार, वरून नाई. कीड खाली बसते.”

भाजीपाल्याचं काही अडलं की गावची माणसं अशीच नाल्याकाठी येत. एकेकाळी लटारूची वांगी चिमूरच्या बाजारात टोपली उतरवण्याआधीच संपायची. मग अंगावर चट्टे उठले. चांद्याला जाऊन महारोगावरच्या तेलाच्या सुया घेतल्या, तरी बोटं सुन्न होत गेली. गावाने त्याला वस्तीपासून दूर, इथे झोपडी बांधून दिली. बायकोला, रुखमाबाईला, तिचा भाऊ घेऊन गेला. बाडी मात्र पहिल्यापेक्षा जोमात आली होती. खाणारा तो एकटा.

“थोडे वांगे नेशीन का?” विचारायचं नव्हतं, तोंडून गेलं.

मुखरू अडखळला. “ठेव तिथी. नेतो.”

लटारूने निवडून निवडून कोवळी वांगी तोडली. देठांचे काटे बोटांत रुतले ते त्याला कळलं नाही. रक्त दिसलं तेव्हा त्याने एकेक वांगं पुन्हा धुतलं, पळसाच्या पानांवर वाटेत मांडलं आणि तो झोपडीत जाऊन बसला. आपल्यादेखत उचलायचा मुखरूला संकोच नको. बाहेर आला तेव्हा वाटेवर पानंही नव्हती. त्या दिवशी वाफ्यांना पाणी देताना तो स्वतःशीच गुणगुणत होता.

संध्याकाळी तो सरपणाला गेला. वळणापलीकडे बोरीच्या झुडपाखाली वांगी पडली होती. काही बकऱ्यांनी चावून टाकली होती. लटारू खाली बसला. उरलेली त्याने धोतराच्या ओच्यात गोळा केली, थोडं चालला, आणि मग ओचा सोडून दिला.

काही दिवसांनी मुखरू पुन्हा आला.

“मिरची सुधरली, भाऊ. आता वांग्याचे शेंडे मान टाकून राह्यले. काऊन?”

लटारूने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. काहीही सांगितलं असतं तरी मुखरूने ते केलं असतं.

“आत अळी हाये. सुकला शेंडा बोटभर खालून खुड अन् जाळ. नुसता फेकू नको.”

“बरं.”

पण मुखरू निघेना. पायाखालच्या मातीकडे बघत तो म्हणाला, “आज वांगे नाई देऊन राह्यला?”

“यंदा लागलेच नाई,” लटारू म्हणाला.

त्याच्यामागे झाडं जांभळ्या वांग्यांच्या भाराने जमिनीला टेकली होती. मुखरूने ती पाहिली.

“हो,” तो हळू आवाजात म्हणाला. “यंदा हवाच तशी हाये.”