फोनातला बहर

मी गोळा बोलतोय. फेकायचा, लोखंडी, चार किलोचा. बर्फाचा गोळा समजून पुढे आला असाल तर मागे फिरा, माझ्यात गोडवा नाही.

माझा जन्म कोल्हापूरकडच्या एका ओतशाळेतला. वितळलेलं लोखंड साच्यात ओतलं, निवलं, घासलं, झालो मी तयार. घाट उतरून रत्नागिरीतल्या एका शाळेत आलो. शाळा मला वर्षातून एकदा खेळांच्या दिवशी फेकायची आणि उरलेलं वर्ष माझ्याकडून शिक्षकांच्या खोलीचं दार अडवून घ्यायची. खारा वारा लागून मला गंज चढला. मग नवे चकचकीत गोळे आले आणि मी भंगारात गेलो. माणसांची रीतच अशी, आधी वापरायचं नाही आणि मग जुनं झालं म्हणून नाक मुरडायचं.

भंगारातून मला मृणालीने मागून घेतलं. ती त्याच शाळेत शिकलेली, पावस गावाच्या अलीकडच्या वाडीतली. आई लहानपणीच गेली, वडील मुंबईला नोकरीत, वाढवलं ते सखूकाकूने. मृणालीला पोलीस व्हायचं होतं आणि ही तिची शेवटची भरती होती, पुढच्या वेळी वयाची अट आडवी आली असती. भरती हुकली तर लग्न, हे घरात ठरून गेलेलं. स्थळही बघून ठेवलं होतं.

रोज सकाळी ती मला वाडीच्या वरच्या सड्यावर, उघड्या कातळाच्या माळावर न्यायची. सोबत खाडीपलीकडची इफ्फत, तीही भरतीवालीच. कातळावर आपटून माझे पोपडे उडाले, पण तक्रार कसली? जन्मात पहिल्यांदा मला रोज कुणीतरी उचलत होतं. मृणाली मला आवडायची.

मग उपटला रितेश. शहरातल्या जिममध्ये शिकवणारा, दंड फुगलेले आणि डोक्यातही तेवढीच हवा. त्याने मृणालीच्या फोनात एक ॲप घालून दिलं. पाळीच्या तारखा भरायच्या, मग कधी पळायचं, कधी वजन उचलायचं आणि कधी नुसते हातपाय ताणायचे, ते फोन सांगणार. बाईच्या शरीराला ऋतू असतात म्हणे. ते त्याला कुणी सांगितलं? दुसऱ्या फोनाने.

ॲपने मृणालीच्या महिन्याचे चार तुकडे केले. विसावा, पालवी, बहर, पानगळ. बहरात जोर लावायचा, पानगळीत बसून राहायचं. वाचून मला घेरी आली. आमच्या भागात झाडाखाली जन्म काढलेल्या बागायतदाराला यंदा हापूसचा मोहोर कधी येईल ते छातीठोक सांगता येत नाही, आणि हा काचेचा तुकडा सड्यावर उड्या मारणाऱ्या धडधाकट पोरीला सांगणार की बाई, तुझी आज पानगळ!

आणि ती ऐकायची. मला हातात घ्यायची, फोन बघायची आणि खाली ठेवायची.

एकदा इफ्फतने विचारलंच, "अगो, बरं नाय काय तुला?"

"बरं हाय गो. पण फोन नको म्हणतो."

"आनि तुझं पोट काय म्हणतं?"

"पोटाला काय कळतं?"

ऐकलंत? ज्याचं दुखणं त्यालाच कळत नाही, खिशातल्या डबीला कळतं! पोटात कळ येते ती खोटी नसते, मला माहीत आहे. कळ असली की मृणालीचे हात गार पडायचे. अशा दिवशी तिने मला हातही लावू नये, मी रागावणार नाही. पण कळ नसताना बसायचं आणि असताना उठायचं, कारण फोनातला रंग तसा आहे, याला काय म्हणावं?

घरी सखूकाकूचा कायदा वेगळा. कावळा शिवला की मृणाली पडवीत, ताट वेगळं, स्वयंपाकघर बंद. मृणाली काकूला हसायची. "काकू, जग कुठं गेलं आनि तू कुठं ऱ्हायलीस!" म्हणजे चुलीपासून लांब बसवणारी काकू अडाणी, आणि मैदानापासून लांब बसवणारा फोन शहाणा. मला तर दोघांत फरक एवढाच दिसायचा की काकूला चार्जिंग लागत नाही.

गणपती जवळ आले. घरात गौरी, आणि मृणालीची तारीख नेमकी त्याच दिवसांत. काकूने दरवर्षीप्रमाणे पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मागवल्या. डॉक्टरला विचारायची पद्धतच नाही, घरोघर चालतं तेच इथे. मृणालीने मुकाट्याने गिळल्या. पण फोनाला हे कोण सांगणार? मोदकांची उकड मळत असताना तो पाहुण्यांसमोर टणटणला. पाळी आली का? लाजेने मेलेल्या मृणालीने पिठाच्या बोटाने 'हो' दाबून त्याचं तोंड बंद केलं. फोन खूश. त्याने पुढचा हिशोब मांडला आणि भरतीच्या चाचणीचा दिवस हिरवागार रंगवला. बहर!

मृणाली नाचलीच. "इफ्फत, बघ, नेमका बहर आलाय!" मी पायरीवर पडून कपाळ बडवत होतो. कपाळ कुठलं ते विचारू नका.

विसर्जन झालं, गोळ्या थांबल्या. तीन-चार दिवसांनी, चाचणीच्या सकाळी ती गेली. मैदानावर पोलिसांचेच गोळे असतात, त्यामुळे मी घरीच.

संध्याकाळी ती अंगणात आली, चिखलाने माखलेली. तिथूनच काकूला सांगू लागली. फोन गेटवरच काढून घेतले होते. रांगेत उभी असताना पोटात कळ आली आणि गोळ्यांनी ढकललेली पाळी सुरू झाली. बहर म्हणता म्हणता हे काय! परत फिरणार होती. इफ्फतने पिशवीतून पॅड काढून हातात दिलं आणि म्हणाली, "दुखतंय, पन उचलवंल काय? तेवढंच सांग." मृणालीने पहिल्यांदाच पोटाला विचारलं. उचलवणार होतं. ती धावण्याची चाचणी पळाली, आणि गोळाफेकीत तिला पैकीच्या पैकी गुण पडले.

काकूचे डोळे भरून आले. पण तोंडातून निघालं, "लांबच ऱ्हा बाय. शिवू नको."

त्याच क्षणी तिच्या खिशातला, परत मिळालेला फोन टणटणला. आज बहर, जोर लावा!

मृणालीने फोनाकडे पाहिलं नाही. वाकून मला उचललं, पुढे आली आणि काकूच्या दोन्ही हातांत ठेवलं. "सोडू नको, पायावर पडंल."

काकू सोडणार कशी? मला पोटाशी धरून वाकली बिचारी. "बया! येवढा जड?"

"व्हय. येवढाच उडवला आज. अशा अंगानं."

काकूने मला हळूच पायरीवर ठेवलं. शिवाशिव झाली तरी अंघोळीला गेली नाही. त्याच हातांनी तिने चुलीवरची पेज वाढली आणि म्हणाली, "आत येऊन जेव."

आता मृणाली प्रशिक्षणाला गेली आहे, इफ्फतही. मी पायरीवर असतो, पुन्हा गंजतोय. शेजारची वेदिका रोज येते, मला बघते, मग हातातल्या फोनात बघते आणि उभी राहते. पोरी, मला मुहूर्त लागत नाही. दुखत असेल तर नीज, नसेल तर ये. माझं वजन कुठल्याही तारखेला तेवढंच आहे.

माझं कोण ऐकणार? पण काल आतून काकू ओरडली, "रंग काय बघतेस गो त्या फोनात? अंगात हाय तर उचल!"